आव्याचं पोट

पोरांनो, कुंभारवाड्यातली चार-पाच घरं पुष्कळदा आपापली मडकी एकाच आव्यात का भाजायची, सांगा बघू. शेजारधर्म? तो होताच. पण त्यामागे एक गणितही होतं.

आवा म्हणजे भाजायला रचलेला मडक्यांचा ढीग. मधे तुराट्या, पाचट, गोवऱ्या, बाभळीचं लाकूड. वरून खापऱ्या आणि राख. यातली उष्णता निसटते बाहेरच्या अंगातून आणि साठते पोटात. आता हाच ढीग लांबी, रुंदी, उंचीनं दुप्पट करा. बाहेरचं अंग होतं चौपट, पण पोट होतं आठपट! म्हणजे एकेका मडक्यामागे उष्णता निसटायला जागा निम्मीच उरली. आपल्या कर्जतच्या कोरड्या माळावर सरपण कुठं फुकट मिळतं? हे गणित कुणी पाटीवर सोडवलं नव्हतं, पण संपत आलेल्या लाकडांनी ते सगळ्यांना शिकवलं.

शिवाय रात्रभर आवा सांभाळायचा तर एक जोडी डोळे पुरत नाहीत. सुरुवातीला आग मंदच हवी. घाई केली की मातीतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि मडकं फटकन फुटतं. पुढे साधारण ५०० अंशांच्या आसपास खरी जादू होते: मातीत दडलेलं पाणीही निघून जातं.

काय म्हणालीस? मडकं तर आधीच उन्हात वाळवलेलं असतं, मग आत पाणी कुठलं? शाबास! हे पाणी हाताला लागत नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. पाऊस-वाऱ्यानं त्याची माती होत गेली तेव्हा पाणी थेट कणांच्या घडणीतच जाऊन बसलं. उन्हाला ते हलत नाही, आग मात्र हुसकून काढते. ते गेलं की त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही, कितीही भिजवा. दगडाची माती व्हायला युगं लागली, आणि उलटा प्रवास एका रात्रीत!

उष्णतामापक नव्हता, पण जुनी माणसं रंग वाचत. काळपट लाल म्हणजे अजून अवकाश आहे, नारिंगी म्हणजे ९०० च्या घरात. एकजण म्हणणार, घाला अजून लाकूड. दुसरा म्हणणार, पुरे. मला विचाराल तर ती हुज्जत म्हणजे त्यांची प्रयोगशाळाच होती.

वाऱ्याचंही तसंच. मातीत लोह असतं. हवा भरपूर मिळाली तर मडकं लाल, धुरात कोंडलं तर करडं-काळं. हे कसब आपल्या मुलखात फार जुनं. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला, १९५०-५१ साली उत्खनन झालं. तिथल्या लाल, काळ्या नक्षीच्या भांड्यांना गावाचंच नाव पडलं. आपल्या सिद्धटेकवरून वाहणाऱ्या भीमेला वर घोड नदी मिळते ना, तिच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरं पश्चिमेच्या कडेला होती, आणि मातीची भांडी भाजायची भट्टीही सापडली.

जोर्व्याचं भांडं टिचकी मारली की धातूसारखं वाजतं. नीट भाजल्यानं कण एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून आवाज घुमतो. कच्च्या मडक्यात तो विरून जातो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चे ठरवले, ती कथा याच पारखीवर उभी आहे.

जपानात अनागामा नावाच्या लांबलचक भट्ट्या असतात. तिथेही कुंभार पाळ्या लावून कित्येक दिवस लाकूड घालत राहतात. तापमान १२०० अंशांच्या वर गेलं की उडालेली राख भांड्यावर वितळून तिची काच होते. सुंदर दिसतं, पण त्यात पाणी गार व्हायचं नाही! आपला आवा तेवढा तापत नाही, म्हणून माठाला बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाझरलेलं एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं.

आणि आपला जुना माठ हल्ली पाणी गार करत नाही, त्यात कुंभाराचा दोष नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार त्या छिद्रांत जाऊन बसलेत.