अ कोट, अ कोला

इंग्रजीच्या तासाला पोरांनी उत्तर चुकवावं, निदान सुरुवातीला तरी चुकवावं, अशा मताचा मी माणूस आहे. चित्रकोड्यांचा नाद ‘किशोर’ वाचायच्या वयात लागला आणि पुढे त्याच नादापायी अमरावती-अकोल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये कार्डांची पिशवी घेऊन हिंडू लागलो. तिथं ध्यानात आलं, की कोडं झटकन सुटलं तर खेळ संपतो. अडलं, की पोट्टे बोलायला लागतात. आपल्याला तेच तर हवं असतं.

झाकल्या चित्राचा खेळ घ्या. सामान काय, तर एक चित्र आणि त्यावर धरायला भोक पाडलेला पुठ्ठा. चित्र काढायला लग्नपत्रिकेची कोरी पाठ उत्तम. एका लग्नसराईत वर्षभराची बेगमी होते. भोकातून जेमतेम शेपटीचा गोंडा दिसतो. पोरांनी विचारायचं, “इज इट ॲन ॲनिमल?” मॅडमनी ‘येस’ किंवा ‘नो’ एवढंच म्हणायचं. “डज इट गिव्ह मिल्क?” येस. “इज इट अ काऊ?” नो. असं करत म्हैस सापडते. ‘बफेलो’ हा शब्द एकच, पण तिथवर पोचेतो ‘इज इट’ आणि ‘डज इट’ पंचवीस तोंडांतून गेलेलं असतं. हेच दहा वेळा वहीत लिहायला सांगा, अर्धा वर्ग पाणी प्यायला जाईल.

अकोट तालुक्यातल्या एका शाळेत असाच पुठ्ठा धरला होता. आतलं चित्र बाजारातल्या तक्त्यावरून कापलेलं, भोकातून नुसता पांढरा ढीग. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “कॉटन!” मॅडम ‘नो’ म्हणाल्या तरी कुणी ऐकेना. एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, जिनिंगमधी असाच तं ढीग असते.” मॅडम हुशार. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘कॉटन इज व्हाइट.’ खाली, ‘धिस इज व्हाइट, टू.’ मग, ‘बट धिस इज व्हेरी कोल्ड.’ लगेच “आइस्क्रीम!” मागून एक आवाज, “बर्फाचा गोया!” ‘स्नो’ हा शब्द अखेर मॅडमनीच सांगितला आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तोवर फळा भरला होता.

या तक्त्यांवर माझा जुना राग आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या अकोल्यात ‘आय’साठी इग्लूच कशाला? सरकी, बंडी, पऱ्हाटीचा भारा, मोर्शी-वरुडची संत्री, गिला वड्याची गाडी ही चित्रं काढा. पोरं आपोआप भांडायला उठतील.

या भांडणाला शास्त्राचा आधारही आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये जो प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे सोडवायला कामं ठेवली. डोकं अर्थाच्या मागे लागलं, की भाषा त्याच्या मागून येते, असा त्यांचा आग्रह. आमचं भोकाचं कार्ड त्यांच्याच गोत्रातलं.

इतिहास उरकून टाकतो. इजिप्तच्या नार्मर राजाचं नाव पाच हजार वर्षांपूर्वी मासा आणि छिन्नी यांच्या चित्रांनी लिहिलेलं आहे. लिओनार्दोनं चित्रकोड्यांची पानंच्या पानं भरली. कोमेनियसनं 1658 साली मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक छापलं. अँड्र्यू राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांचं भाषाखेळांचं पुस्तक 1979चं. आपल्याकडे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली त्या गुरुजींवर ते शिकवायची वेळ आली. 2013 साली ‘फोर पिक्स वन वर्ड’ मोबाइलवर आलं. झालं.

हा मोबाइलवरचा खेळ छान आहे, पण त्यात पोरगं मुक्यानं अक्षरं दाबत बसतं. तीच चार चित्रं फळ्यावर चिकटवा: मनगटावरचं घड्याळ, टीव्हीपुढची आजी, बँकेच्या दाराशी चौकीदार आणि मचाणावर रानडुकरांसाठी जागल करणारा बाप. चारांत मिळून शब्द एकच, ‘वॉच’. बाप ओळखीचा निघाला की अर्धं काम झालं.

माझा खरा जीव मात्र जोडचित्रांत. मधमाशी आणि पान: बी, लीफ, बिलीफ. बाराखडीवर वाढलेल्या मुलाला लिहिलं तसं वाचायची सवय. इथं कान बरोबर सांगतो आणि स्पेलिंग दगा देतं. कप आणि बोर्ड जोडून ‘कबर्ड’ करायला गेलात तर उलटं, स्पेलिंग बरोबर आणि कान फसतो. म्हणून लहानांना आधी कानाची कोडी द्यावीत, डोळ्यांची नंतर. दर्यापूरकडच्या एका वर्गात ‘फ्रेंडशिप’साठी एका मुलानं हात मिळवणारे दोन दोस्त काढले आणि शेजारी मेंढी. त्याच्या कानाला शिप आणि शीप सारखंच. मॅडमनी जहाजाचं कार्ड मेंढीशेजारी लावलं आणि दोन्ही नावं म्हणून घेतली. आता तो वर्ग ‘शीप’ म्हणताना मेंढी ओरडावी तसा ‘ई’ लांबवतो. उच्चाराचा याहून चांगला धडा मी पाहिलेला नाही.

मेळघाटात चित्राची किंमत आणखी वाढते. धारणी-चिखलदऱ्याची कितीतरी मुलं घरी कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिथं ‘बकेट म्हणजे बादली’ सांगणं म्हणजे एका परक्या शब्दासाठी दुसरा परका शब्द देणं. कार्डावर बादली दाखवली की मधली मराठी गळून पडते. मुलं आपसांत कोरकूत वाद घालतात आणि उत्तर इंग्रजीत आणतात. काही गुरुजी “कोरकू बोलू नका” म्हणून दटावतात. मला ते पटत नाही. वाद घालायला आपलीच भाषा लागते.

आता गावांची कोडी. कोट काढा, आधी ‘अ’ लावा: अकोट. कोलाची बाटली काढा: अकोला. मराठीत नसलेलं हे इंग्रजी उपपद ‘अ’ आमची मुलं हमखास गाळतात, ‘आय हॅव कोट’ म्हणतात. पण इथं ते गाळलं तर तालुक्याचं गावच नाहीसं होतं, मग मुलंच एकमेकांना टोकतात. एका वर्गात मोर्शीसाठी कुणी मोर काढला आणि शेजारी बोटानं दाखवलेली मुलगी, म्हणजे ‘शी’. मोर मराठी, शी इंग्रजी. चालेल की नाही यावर वर्गाचे दोन तट पडले. मॅडमनी चालवून घेतलं. तेवढ्यात एका पोरानं आंबा काढून अमरावतीला हात घातला. आंबा का, तर हिंदीत आम. पुढच्या ‘रावती’चं चित्र काही जमेना, तरी अर्धा मार्क द्याच म्हणून तो टेबलापाशी अडून बसला.