पिसवेच्या पोटातला बोळा

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात तापाने फणफणलेल्या रोग्यांच्या अंगावरच्या गाठी पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. या रोगाचा जिवाणू अलेक्झांद्र येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कुठून, हे कळले नव्हते. म्हणून सरकारने हाती लागेल ते केले. गटारांत कार्बोलिक ओतले, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून कौले उतरवली, घरात शिरून रोगी उचलून नेले. लोकांचे म्हणणे साधे होते: आधी उंदीर पडतात, मग माणसे. ते वेळीच ऐकले असते, तर केवढा छळ टळला असता!

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी आजारी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा जातील अशी सोय केली. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. तरीही अनेकांना पटेना. पुढे प्लेग आयोगाने मुंबईत केलेला प्रयोग मला फार आवडतो. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोल्यांत गिनी पिगचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी दगावले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. हवा तर दोघांना एकच होती.

उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. त्यांच्या पोटात जिवाणू वाढून, चिकट थर धरून, जठराच्या तोंडाशी बोळा बसवतात. प्यायलेले रक्त पुढे सरकत नाही. भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि बोळ्यावर आपटून परतलेले रक्त जिवाणूंसकट जखमेत ओकते. तिथून ते जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते.

गाठीच्या प्लेगचा रोगी सहसा दुसऱ्याला थेट लागण देत नाही. जिवाणू फुप्फुसात पोचले, तर मात्र खोकल्याचे तुषार पुरतात. उंदीर नको, पिसू नको. अशा रोग्याला लक्षणे दिसल्यापासून २४ तासांत प्रतिजैविके मिळाली, तर तो वाचू शकतो.