रेडिएटरवरचं ‘टाइप २२’ म्हणजे नेमकं काय? डबल पॅनेल घेण्याआधी हे गणित समजून घ्या

पुण्या-मुंबईहून इंग्लंडला राहायला गेलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक कोडं पडतं. बॉयलर चालू आहे, भिंतीवरचा रेडिएटर हाताला चटका बसेल इतका तापलाय, गॅसचं बिलही वाढतंय. तरी खोली गारच.

अशा वेळी बहुतेकांना वाटतं, बॉयलर बिघडला. पण अनेकदा दोष बॉयलरचा नसतो. खोलीच्या मानाने रेडिएटरच छोटा असतो. मग सल्ला मिळतो, “डबल पॅनेल लाव.”

पण डबल पॅनेल म्हणजे काय?

तिकडच्या बहुतेक घरांत बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पाइपमधून खोल्याखोल्यांत फिरवतो. रेडिएटर म्हणजे ते गरम पाणी ज्यातून जातं तो स्टीलचा चपटा डबा, म्हणजेच पॅनेल. पॅनेलच्या मागे पन्हळीसारखा दुमडलेला पत्रा जोडलेला असतो. त्याच्या घड्यांमधून हवा तापून वर जाते आणि खोलीभर फिरते.

लेबलवरचे आकडे हेच सांगतात. पहिला आकडा पॅनेल किती ते, दुसरा पन्हळी पत्र्याचे थर किती ते.

टाइप ११ : एक पॅनेल, एक थर
टाइप २१ : दोन पॅनेल, एक थर
टाइप २२ : दोन पॅनेल, दोन थर

म्हणजे २१ आणि २२ दोन्ही डबल पॅनेलच, पण उष्णता सारखी नाही. ६०० मिमी उंच आणि एक मीटर लांब टाइप ११ साधारण १,००० वॅट देतो. त्याच मापाचा टाइप २२ साधारण १,७०० वॅट. आता तुम्ही म्हणाल, पॅनेल दुप्पट तर उष्णता दुप्पट का नाही? कारण दोन पॅनेलच्या आतल्या बाजू एकमेकींकडे तोंड करून असतात. त्यांची उष्णता थेट खोलीत न येता मधल्या हवेतूनच बाहेर पडते.

समजा खोलीला १,५०० वॅट लागतात आणि खिडकीखाली जागा मीटरभरच आहे. तिथे टाइप ११ कमी पडेल, टाइप २२ पुरेल. खोलीची गरज किती, हे लांबी-रुंदी-उंची, बाहेरच्या भिंती, खिडक्यांच्या काचा आणि इन्सुलेशन यावर ठरतं. काही दुकानं आकडे बीटीयूमध्ये देतात. १ वॅट म्हणजे ताशी ३.४१ बीटीयू.

लेबलवरच्या वॅटमागची अट

हे वॅट ‘डेल्टा टी ५०’ ला मोजलेले असतात. पाणी ७५ अंशांना आत, ६५ अंशांना बाहेर, म्हणजे सरासरी ७०. खोली २० अंश. फरक ५०. पाण्याची सरासरी ५० अंशांवर आणली, तर फरक ३० उरतो आणि तोच रेडिएटर जवळपास निम्मीच उष्णता देतो. हीट पंपचं पाणी कमी तापतं, म्हणून तिथे मोठे रेडिएटर लागतात.

मग मोठा रेडिएटर म्हणजे मोठं बिल? तसं नाही. खोली हवी तितकी तापली की थर्मोस्टॅट पुरवठा थांबवतो. उलट रेडिएटर मोठा असेल तर बॉयलर कमी तापमानावर चालवता येतो. कंडेन्सिंग बॉयलरकडे परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तरच तो धुरातल्या वाफेची उष्णता नीट परत मिळवतो. बचत तिथेच होते.

बसवताना काय बघायचं?

एक, भिंत. मीटरभर लांबीचा टाइप २२ रिकामाच तीसेक किलोचा असतो, वर आतलं पाणी. विटांच्या भिंतीत ड्रिल मारून गिट्टी आणि स्क्रू चालतात. पण प्लास्टरबोर्डच्या पोकळ भिंतीत आतल्या लाकडी फ्रेमचा आधार शोधावाच लागतो.

दोन, पाइप. लांबी तीच ठेवली तरी टाइप २२ ची जाडी साधारण १०० मिमी, म्हणजे टाइप ११ च्या जवळपास दुप्पट. त्यामुळे जोडणीचं तोंड भिंतीपासून पुढे येतं आणि जुने पाइप जुळत नाहीत. ऑर्डर देण्याआधी हे माप घ्याच.

तीन, व्हॉल्व्ह. एका टोकाला तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला लॉकशील्ड. लॉकशील्ड थोडा थोडा फिरवून सगळ्या खोल्यांत पाणी सारखं वाटता येतं. मुख्य थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे, तिथे मात्र थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह टाळतात. नाहीतर दोघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

चार, मोकळी जागा. खाली १०० ते १५० मिमी अंतर हवं, कारण गार हवा तिथूनच आत शिरते. समोर सोफा किंवा वरून लांब पडदा आला की अर्धी मेहनत वाया.

भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाची परवानगी घ्या. बॉयलरच्या गॅसला हात लावायचा असेल तर ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेलाच माणूस बोलवा.

आणि पैसे मोजण्याआधी एक साधी तपासणी करा. जुना रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. छोट्या किल्लीने ती काढता येते. वरून गरम आणि खाली मध्यभागी गार असेल, तर तळाशी गाळ साचलाय. अशा वेळी नवा डबल पॅनेल नाही, जुन्याची सफाईच पुरते.