हेळव्याची वही आणि हरवलेले नाव

शिरोळ, मिरज, चिकोडी या कृष्णाकाठच्या भागात हेळवी येत आले आहेत. सुगीनंतर दारी यायचे, घराण्याची वंशावळ खडाखडा म्हणायची, नव्या जन्मांची वहीत नोंद करायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. कोणती भावकी कोठे पांगली, हे घरच्यांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक! या विद्येचा आजच्या विज्ञानयुगात उपयोग काय? उत्तरासाठी थोडे अमेरिकेत जाऊ.

१ नोव्हेंबर १९८० रोजी टेक्सासमधील हंट्सव्हिलजवळ हमरस्त्याच्या कडेला एका कोवळ्या मुलीचे प्रेत सापडले. तिचा खून झाला होता. पोलिसांनी चेहऱ्याची चित्रे प्रसिद्ध केली. पण ओळख पटेना. परक्या गावातच तिला ‘अज्ञात’ म्हणून मूठमाती मिळाली.

२०२१ साली ओथ्रम या प्रयोगशाळेने तिच्या डीएनएवरून माग काढला. डीएनए म्हणजे पेशीपेशीत लिहिलेली कुळकथाच. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत त्याचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो, त्यांच्या मुलांमुलांत सुमारे बत्तिसावा. आपले मूळ शोधण्याच्या हौसेने हजारो लोकांनी स्वतःचा डीएनए नोंदवलेला असतो. त्यात दूरचे नातलग सापडले, की पुढचे काम हेळव्याचे! जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी चाळत समान पूर्वजापर्यंत वर चढायचे आणि प्रत्येक फांदीने खाली उतरत, कोणती मुलगी मध्येच नाहीशी झाली ते पाहायचे. शेवटी जवळच्या नातलगांच्या डीएनएशी ताडून खात्री करायची.

ती निघाली दीड हजार किलोमीटरांवरच्या मिनेसोटा राज्यातील. वय अवघे १४. घरापासून दुरावून ती पळून गेली होती. ४१ वर्षांनी तिला नाव मिळाले.

आपल्याकडे हैदराबादच्या संशोधन केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए ओळखीचे तंत्र रुजवले. परंतु त्यासाठी ताडून पाहायला आईबाप किंवा जवळचे कोणी समोर असावे लागते. तेच ठाऊक नसतील तर? तेथे दूरच्या नात्यांचाच आधार.

आणि येथेच आपल्या वंशावळीचे उणे दिसते. तिच्यात मुलगे, नातू, पणतू असतात. लेक सासरी गेली, की फांदी खुंटते. शोधाला मात्र आत्या, मावशी आणि त्यांची लेकरेही तितकीच मोलाची. त्यातून घर सोडून गेलेल्या मुलीचे तर नावच काढायचे नाही, असा कित्येक घरांचा शिरस्ता!

भाऊबीजेला आजी, आत्या, मामा एकत्र जमतील. फराळ आटोपल्यावर एक वही काढा. आजीला तिच्या माहेरची नावे विचारा, लेकींची नावे त्यांच्या सासरच्या गावासह लिहा. आणि जिचे नाव घेताच सारे गप्प होतात, तिचेही लिहा, जन्माच्या सालासकट.