उकळत्या झऱ्याकाठची उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आजकाल निवडणुकीच्या मोसमातच कानांवर पडतो. आमच्या आजोबांच्या पिढीत मात्र तो निराळ्याच अर्थाने घरोघर वावरत असे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, औषधांच्या दुकानात मुलगा ‘उमेदवारी करतो’ म्हणजे पगाराची फारशी अपेक्षा न धरता काम शिकतो, एवढाच त्याचा अर्थ. फारसीतल्या ‘उमेद’चा अर्थ आशा. ज्याच्या गाठीला आशेखेरीज दुसरे काही नाही, तो उमेदवार! शब्दाचा हा अर्थ गेला, पण वस्तू गेली नाही. तिला आता आपली मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात. बँकेतली किंवा संगणकाच्या कंपनीतली इंटर्नशिप म्हटली की आईबापांची कळी खुलते. पण मुलाने ‘मी दोन महिने अभयारण्यात जातो’ असे म्हटले की तीच कळी चटकन मिटते. रानात कसली आली उमेदवारी? तिथे शिकायचे काय आणि मिळवायचे काय?

या प्रश्नाला उत्तर म्हणून मी एक खरी गोष्ट सांगते. ती आहे अमेरिकेतली. पण 2020 साली तिचे धागे आपल्या प्रत्येकाच्या नाकापर्यंत येऊन पोहोचले होते, हे पुढे कळेलच.

अमेरिकेतले यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. 1872 साली ते राखून ठेवण्यात आले. तिथली भूमी आतून तापलेली आहे. कुठे गरम पाण्याचे कारंजे उसळते, कुठे चिखल रटरटतो, कुठे निळ्या-नारिंगी रंगांची वाफाळलेली कुंडे दिसतात. प्रवासी येतात, आश्चर्य करतात आणि निघून जातात. 1960 नंतरच्या दशकात इंडियाना विद्यापीठातले टॉमस ब्रॉक नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तिथे आले. त्यांनी नुसते आश्चर्य केले नाही, तर विचारले, ‘या कढत पाण्यात जिवंत काही असेल काय?’ पुस्तकी विद्या तेव्हा सांगत होती की, इतक्या उष्णतेत जीव तग धरत नाही. ब्रॉक यांना मात्र झऱ्यांच्या काठाशी काही निराळेच दिसत होते.

1966 साली त्यांच्याबरोबर हडसन फ्रीझ नावाचा विद्यार्थी काम करीत होता. अजून पदवीही हाती न आलेला पोरगा! आडनाव पाहा, ‘फ्रीझ’ म्हणजे गोठणे, आणि काम उकळत्या पाण्याचे. यलोस्टोनमधल्या ‘मश्रूम स्प्रिंग’ या झऱ्यातला नमुना घेऊन त्यातला जीव प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम त्याच्याकडे आले. ते त्याने नेटाने केले आणि सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास सुखाने वाढणारा एक जिवाणू हाती लागला. 1969 साली गुरुशिष्यांनी दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध केला. जिवाणूचे नाव ठेवले ‘थर्मस ॲक्वाटिकस’. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या वेळी ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले असते, तर उत्तर एकच होते: काही नाही. एक कोडे सुटले, इतकेच.

पुढे काय झाले ते समजायला स्वयंपाकघरातला दाखला पुरेसा आहे. उकळत्या दुधात विरजण घातले, तर विरजण मरते आणि दही लागत नाही, हे आपल्या घरी सर्वांना ठाऊक असते. जीवशास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती. 1983 साली कॅरी मलिस यांनी डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती शोधली. डीएनएची दुहेरी दोरी तापवून उलगडायची, गार करून प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार विणायचा, पुन्हा तापवायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे, तसेच हे. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. पण धागा विणणारे जे विकर असते, ते प्रत्येक तापवणीत विरजणासारखे मरून जाई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. मग शास्त्रज्ञांना आठवण झाली ती उकळत्या झऱ्यातल्या त्या जिवाणूची. ज्याचा संसारच कढत पाण्यात, त्याचे विकर तापवल्याने कसे मरेल? ॲलिस चिएन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते विकर 1976 सालीच वेगळे करून ठेवले होते. ते वापरल्यावर सारी क्रिया यंत्रात आपोआप होऊ लागली. हीच ती पीसीआर. मलिस यांना 1993 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गुन्ह्याचा तपास, आनुवंशिक रोगांचे निदान, क्षयाची चाचणी अशा कितीतरी ठिकाणी ही युक्ती शिरली. आणि 2020 साली कोरोनाची साथ आली, तेव्हा नाकात काडी घालून घेतलेल्या आपल्या नमुन्याचा निकाल ज्या चाचणीने लागत होता, ती आरटी-पीसीआर हिच्याच घराण्यातली. निकालाची वाट पाहत आपण रात्र काढली, त्या चाचणीच्या मुळाशी एका राष्ट्रीय उद्यानातला झरा आणि एका कॉलेजकुमाराची उमेदवारी होती. ब्रॉक आणि फ्रीझ या दोघांना 2013 साली ‘गोल्डन गूस’ पुरस्कार देण्यात आला. वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या आणि पुढे लोकोपयोगी ठरलेल्या संशोधनाला तो देतात. ब्रॉक 2021 साली निवर्तले. फ्रीझ पुढे स्वतः मोठे शास्त्रज्ञ झाले आणि लहान मुलांच्या दुर्मिळ आनुवंशिक विकारांवर त्यांनी काम केले.

या कथेला एक कडू शेपूटही आहे. पीसीआरचे हक्क 1991 साली तीस कोटी डॉलरना विकले गेले; ज्या उद्यानाने तो झरा जपला, त्याला त्यातली कवडीही मिळाली नाही. त्यावरून पुढे बराच वाद झाला आणि 1998 साली कायद्यात तरतूद झाली की, उद्यानातल्या संशोधनाचा नफा उद्यानालाही मिळावा. आपल्याकडे 2002 साली जैवविविधता कायदा झाला. रानातल्या संपत्तीचा लाभ ती जपणाऱ्यांनाही मिळावा, हे तत्त्व त्यात आहे.

आता कोणी म्हणेल, फ्रीझसारखा एखादाच. बाकीची पोरे रानात जाऊन काय दिवे लावणार? तर त्याचीही हकिगत ऐका. 1953 साली बर्नार्ड डी व्होटो या लेखकाने अमेरिकेतल्या एका मासिकात संतापून लिहिले की, सरकारकडून पैसा मिळत नाही, राष्ट्रीय उद्यानांची दैना झाली आहे, तेव्हा ती सरळ बंदच करा! तो लेख व्हॅसार कॉलेजात शिकणाऱ्या एलिझाबेथ कुशमन या मुलीने वाचला. तिला वाटले, बंद कशाला? देशात इतकी तरुण मुले आहेत, त्यांना सुट्टीत कामाला लावा. 1955 साली तिने आपला पदवीचा प्रबंध याच विषयावर लिहिला. प्रबंध लिहून कपाटात ठेवण्याची आपल्याकडची थोर परंपरा तिला बहुधा माहीत नसावी. कारण दोनच वर्षांनी, 1957 च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन या दोन उद्यानांत 53 विद्यार्थी प्रत्यक्ष कामाला लागले होते. त्या रोपट्याची पुढे ‘स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन’ ही संस्था झाली. 2010 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या बाईंचा पदक देऊन गौरव केला. पायवाटा दुरुस्त करण्यापासून शास्त्रीय नोंदी ठेवण्यापर्यंत सगळी कामे मुलांनी केली.

शास्त्रीय काम म्हणजे दरवेळी नवा जिवाणू सापडणे नव्हे. यलोस्टोनमधून लांडगे नामशेष झाले होते. 1995 आणि 1996 या दोन हिवाळ्यांत कॅनडातून 31 लांडगे आणून तिथे सोडण्यात आले. तेव्हापासून तिथे हिवाळी पाहणी सुरू झाली. हिवाळ्याच्या आरंभी एकदा आणि अखेरीस एकदा, तीस-तीस दिवस, तरुण सहायक कडाक्याच्या थंडीत दुर्बीण लावून एकेका टोळीवर नजर ठेवीत. लांडग्यांनी हरीण मारले की ते उठून जाईपर्यंत थांबायचे, मग सांगाड्यापाशी जायचे. दातावरून जनावराचे वय काढायचे. मांडीचे हाड फोडून आतला मगज पाहायचा: पांढरा, घट्ट असेल तर जनावर धडधाकट होते, लालसर, लिबलिबीत असेल तर उपासाने खंगलेले. हे वर्णन वाचून नाक मुरडू नका. लांडगा धष्टपुष्ट जनावरे मारतो की आधीच मरायला टेकलेली, या शेतकऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत चाललेल्या भांडणाचा निकाल अशाच हाडांतून लागतो.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतले ताडोबा सर्वांत जुने, 1955 सालचे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून जनावरे मोजण्याचा प्रघात आपल्याला ठाऊक आहे. आता ती मोजणी शास्त्रीय गणना मानली जात नाही, वनखाते तिला ‘निसर्गानुभव’ म्हणते आणि ते योग्यच आहे. खरी मोजदाद आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात, कारण बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके सारखे नसतात. माणसाचे जसे अंगठ्याचे ठसे, तसे त्याचे ठिपके. मुंबईच्या ऐन कुशीतल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या आसपास 2015 साली अशी पाहणी झाली, तेव्हा 35 बिबटे आढळले. ही पाहणी कोणा पिकल्या केसांच्या पंडिताने केली नव्हती. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या एका विद्यार्थ्याचा तो पदव्युत्तर अभ्यास होता. बिबट्यांविषयी नुसत्या अफवांवर जगणाऱ्या शहराला त्याने एक आकडा दिला. आकडा मिळाला की भीतीचे माप कळते.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांची मुलगी जीवशास्त्र शिकते. तिने विदर्भात अशाच कामावर जायचे ठरवले, तेव्हा ते माझ्याकडे आले. “बाई, तुमचे ती ऐकते. तिला जरा समजवा. जनावरांची विष्ठा गोळा करायची, हे काय शिक्षण झाले?” मी म्हटले, “काका, डॉक्टर तुमचे रक्त आणि लघवी तपासतो, तेव्हा तुम्ही त्याला फी देता ना?” ते हसले, पण लगेच त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “जाण्यायेण्याचे, राहण्याजेवणाचे पैसे आपणच भरायचे. मला ते जड नाहीत. पण ज्याला जड आहेत, त्याच्या मुलाने काय करायचे?”

माझ्या मते या विषयातली खरी मेख इथेच आहे. बिनपगारी उमेदवारी खात्यापित्या घरालाच परवडते. माझ्या वर्गात सकाळी वर्तमानपत्रे टाकून येणारी मुले बसतात. उन्हाळ्याचे दोन महिने ही त्यांच्या पुढच्या वर्षाच्या फीची बेगमी असते. त्यांना ‘रानात जा, अनुभव घ्या’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला हवापालट सुचवण्यासारखे. मेळघाटातल्या कोरकू मुलाचे किंवा बोरिवलीच्या पाड्यावरच्या वारली मुलीचे तर विचारूच नका. ज्या रानात शहरी विद्यार्थी पाहुणा म्हणून जातो, तिथे ती जन्मापासून राहतात. पाऊलखूण ओळखायला त्याला ज्यांनी शिकवले, त्यांचेच नाव पुष्कळदा अहवालात नसते. या कामाला विद्यावेतन हवे, आणि रानाच्या पोटातल्या मुलांना त्यात पहिली जागा हवी. झऱ्याचा लाभ झरा जपणाऱ्याला मिळावा, हे जर खरे, तर ज्ञानाच्या झऱ्यालाही तोच न्याय लावायला नको काय?

ती मुलगी गेली. दोन महिन्यांनी परत आली ती काळवंडून, बारीक होऊन आणि पूर्वीपेक्षा कमी बोलणारी होऊन. “काय शिकलीस?” म्हटले तर म्हणाली, “बाई, काही दिसले नाही, तर ‘काही दिसले नाही’ असेच लिहायला शिकले.” मी पंचवीसेक वर्षे निबंध तपासते आहे, इतके सच्चे वाक्य फार थोड्या वह्यांत वाचले.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातल्या कोणी रानात जाण्याचा विषय काढला, तर एकदम ‘नाही’ म्हणू नका. चार प्रश्न मात्र अवश्य विचारा: काम कोणत्या संस्थेचे, वनखात्याची परवानगी आहे का, देखरेख कोणाची आणि मुलाने जमवलेल्या नोंदींचे पुढे काय होणार? केवळ सहल असेल तर तिला सहल म्हणा. त्यातही वाईट काही नाही. पण उत्तरे सरळ आली, तर बांधून द्या शंकरपाळे आणि चकल्यांचा डबा. आणि तो थोडा मोठाच असू द्या; कारण तिथे वाट दाखवणारा जो सोबती भेटेल, त्याच्याही घरी मुले असतील.