छोटं चाक, मोठं नुकसान : कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटर गिअरची जोडी



आजचा विषय जरा वेगळा आहे. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने जुनी शेवरोले गाडी घेतली आणि तिचं व्ही-८ इंजिन घरीच पुन्हा बांधलं. नवीन कॅमशाफ्ट बसवला, डिस्ट्रिब्युटर मात्र जुनाच ठेवला. काही आठवड्यांतच गाडी ओढेनाशी झाली. ऑइल काढलं तर त्यात धातूची चमकणारी पूड! वर्षभराची बचत घालून बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागलं. चूक एका मुठीत मावणाऱ्या गिअरची होती.

हा गिअर करतो काय?

पेट्रोल इंजिनात योग्य क्षणी योग्य सिलिंडरला ठिणगी पोहोचवण्याचं काम डिस्ट्रिब्युटर करतो. आपल्याकडच्या जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांतही तो असायचा. त्याला कॅमशाफ्ट फिरवतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो आणि डिस्ट्रिब्युटरचाही एकच. म्हणून शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनात दोन्ही गिअरना सारखेच, म्हणजे १३ दात असतात.

याच इंजिनात डिस्ट्रिब्युटरचं खालचं टोक ऑइल पंपही फिरवतं. म्हणजे ठिणगी आणि वंगण, दोन्ही या एका गिअरवर अवलंबून. शिवाय दात तिरपे असल्यामुळे ते एकमेकांवर घासत फिरतात. म्हणूनच धातूंची जोडी जमणं गरजेचं असतं.

जोडी कशी जुळवायची?

मुलांना मी खडू-फळ्याचं उदाहरण देते. खडू झिजतो, फळा टिकतो. दोघांतलं जे स्वस्त आणि बदलायला सोपं, ते झिजलेलं परवडतं. इथे कॅमशाफ्ट म्हणजे फळा आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर म्हणजे खडू. पण खडू तासाभरात संपला तर शिकवणार कसं?

१. बिडाचा कॅमशाफ्ट : जुन्या 'फ्लॅट टॅपेट' प्रकारात बहुधा हाच असतो. (आपला बिडाचा तवा असतो ना, तेच ओतीव लोखंड.) याला बिडाचाच गिअर चालतो.

२. पोलादी रोलर कॅमशाफ्ट : फोर्डने ५.० लिटर इंजिनात १९८५ पासून आणि शेवरोलेने स्मॉल-ब्लॉकमध्ये १९८७ पासून रोलर कॅमशाफ्ट आणले. पोलादी कॅमशाफ्टला साधा बिडाचा गिअर लावला तर गिअरचे दात भराभर खाल्ले जातात. इथे त्याला मानवणारा, पृष्ठभाग कठीण केलेला पोलादी गिअर लागतो. भावाची चूक नेमकी हीच होती.

३. ब्राँझचा गिअर : हा मऊ. पोलादी कॅमशाफ्टला इजा करत नाही, स्वतः झिजतो. शर्यतीच्या गाड्यांना ठीक, कारण त्यांची इंजिनं वारंवार खोलून तपासली जातात. रोजच्या गाडीत मात्र तो अधूनमधून पाहून वेळेवर बदलावा लागतो.

४. पॉलिमर कंपोझिट गिअर : दोन्ही प्रकारच्या कॅमशाफ्टला चालतो, पण महाग असतो.

'रोलर म्हणजे पोलादी' असं डोळे झाकून धरू नका. काही रोलर कॅमशाफ्ट ओतीव असतात, तर काही पोलादी कॅमशाफ्टवर बिडाचा गिअर दाबून बसवलेला असतो. म्हणून कॅमशाफ्टसोबत आलेलं कार्ड वाचायचं, नाहीतर बनवणाऱ्याला विचारायचं.

बसवताना काय पाहायचं?

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा व्यास मोजा. शेवरोलेसाठी ०.४९१ आणि ०.५०० इंच अशा दोन मापांचे गिअर मिळतात. दातांना असेंब्लीचं वंगण लावा. घासल्याची खूण दाताच्या मधोमध यायला हवी, कडेला नको. विनाकारण जास्त दाबाचा ऑइल पंप लावू नका, त्याचा सगळा भार याच दातांवर येतो. थोडं चालवल्यावर डिस्ट्रिब्युटर काढून दात पाहा. कडा धारदार झाल्या असतील तर तिथेच थांबा. दात झिजले की ठिणगीची वेळ चुकते आणि झिजलेली पूड ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते.

वर्गासाठी एक गणित

१३ ही विषम संख्या. त्यामुळे गिअर दांड्यावर उलटा, म्हणजे १८० अंशांनी फिरवून बसवला, तर दात अर्ध्या घराने सरकतात. किती अंश? ३६० ÷ १३ ÷ २, म्हणजे सुमारे १३.८. सहावी-सातवीच्या मुलांना जरूर सोडवायला द्या.

भावाने दुकानात विचारलं होतं, "गिअर चांगला आहे ना?" उत्तर मिळालं, "हो." ते खोटंही नव्हतं. त्याने विचारायला हवं होतं, "माझ्या कॅमशाफ्टला चालेल का?" आपल्या मुलांनाही उत्तरांआधी असा नेमका प्रश्न विचारायला शिकवूया.