मज्जारज्जूच्या जखमेनंतरचे चोवीस तास

कल्याणहून कसारा लोकल पकडली की टिटवाळ्यानंतर खडवली येते. स्टेशनपासून जवळच भातसा नदी. सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवलीची तरुण मुले इथे पोहायला येतात. बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात. नदीतला दुसरा धोका मात्र बातमीत क्वचितच येतो. पाणी किती खोल आहे हे न बघता खडकावरून सूर मारला, तर डोके तळावर आपटते आणि मानेचे मणके मोडतात. त्यांच्या आतला मज्जारज्जू चिरडला, तर विशीतल्या धडधाकट मुलाचे हातपाय त्याच क्षणी लुळे पडतात.

हा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. हातातली नस तुटली तर ती हळूहळू पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू मोठेपणी जवळजवळ वाढतच नाहीत. पण सगळे नुकसान पहिल्या आघातातच होते असेही नाही. पुढच्या काही तासांत, दिवसांत सूज चढते, रक्तपुरवठा आटतो, मदतीला धावलेल्या रोगप्रतिकारक पेशी शाबूत तंतूंनाही मारतात. शेवटी तिथे व्रण धरतो आणि नव्या तंतूंची वाट अडते. नॅनोऔषधांचे बरेचसे संशोधन या दुसऱ्या नुकसानाभोवती चालले आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. या मापाच्या तंतूंवर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टप यांच्या गटाने केलेला प्रयोग 2021 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मज्जारज्जूला इजा करून 24 तासांनी जखमेपाशी एकच इंजेक्शन दिले. टोचलेल्या द्रवाचे आत गेल्यावर जेल झाले. त्यातल्या नॅनोतंतूंवर दोन संदेश बसवले होते: एक चेतातंतूंना वाढवणारा, दुसरा पेशींना जगवून नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारा. मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. संदेश तेच ठेवून संशोधकांनी रेणूंची हालचाल कमी-जास्त करून पाहिली, आणि जास्त हलणाऱ्या रेणूंनीच जास्त गुण दिला. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू स्वतःच सतत हलत असतात. स्थिर संदेशाशी त्यांची गाठ कमी पडत असावी. चार आठवड्यांत उंदीर चालू लागले आणि बारा आठवड्यांत ते जेल शरीरात विरघळून गेले.

मिशिगन विद्यापीठात लॉनी शिया यांच्या गटाने 2019 मध्ये वेगळी वाट दाखवली. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात वापरतात त्याच जातीच्या पदार्थाचे सूक्ष्म कण त्यांनी उंदरांच्या शिरेतून दिले. कणांत औषध काहीच नव्हते. रोगप्रतिकारक पेशी ते कण उचलतात आणि त्यांतल्या बऱ्याच जखमेकडे न जाता प्लीहेकडे वळतात.

हे सारे उंदरांत घडले, आणि माणसाच्या मज्जारज्जूत तंतूंना कापायचे अंतर कितीतरी जास्त असते. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने 1990 मध्ये अशीच मोठी आशा लावली होती. पुढे जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचे धोके दिसले आणि त्याचा सरसकट वापर मागे पडला.

उद्या असे औषध आलेच, तरी ते वेळेत द्यावे लागेल, आणि काठावरच जखम वाढली तर त्याचाही हात तोकडा पडेल. म्हणून सूर मारलेला मुलगा हातपाय हलवत नसेल, तर त्याला काखेत धरून ओढू नका, बसवू नका. श्वास चालू आहे ना ते आधी बघा. डोके, मान, पाठ एका रेषेत धरून चार-पाच जणांनी मिळून त्याला फळीवर घ्या आणि 108 ला फोन करा.

आणि घरात असा रुग्ण असताना कुणी आजच ‘नॅनो इंजेक्शन’ देतो म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. ही नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते, आणि रीतसर चाचणीत प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.